हीटिंग बंद केलं तरी रेडिएटर गरमच: बॉयलरला दोष देण्याआधी हे बघा

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी एक प्रकार सुरू झाला. रात्री दहाला हीटिंग बंद होतं, प्रोग्रामरवरचा (म्हणजे भिंतीवरच्या वेळा लावायच्या यंत्रावरचा) दिवा विझतो, सगळं बरोबर, आणि पहाटे तीनला घामाघूम होऊन जाग येते तर बेडरूमचा रेडिएटर हात लावू देत नाही. खाली जाऊन बघितलं तर दिवा बंदच. मग मी वैतागून हीटिंगचं बटण तीन-चार वेळा ऑन-ऑफ ऑन-ऑफ करायचे, कुठेतरी टक् व्हायचं आणि बॉयलर शांत. पुढे आठ-दहा दिवस काहीच नाही, आपण विसरून जातो, आणि मग परत एका रात्री तेच.

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, सत्तरच्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड घर आहे, कॉम्बी (टाकीशिवाय, लागेल तेव्हा पाणी तापवणारा बॉयलर) नाही, म्हणजे बॉयलर किचनमध्ये आणि गरम पाण्याची टाकी वरच्या मजल्यावर कपाटात. हे आधीच सांगते कारण कॉम्बीवाल्यांचं गणित थोडं वेगळं असतं, त्यांच्यासाठी खाली लिहिलंय.

माझी पहिली चूक म्हणजे मी ते बटण दाबत राहिले. आता कळतंय की दर वेळी मी स्वतःच्या हाताने पुरावा पुसत होते. बिघाड चालू असताना बटण दाबलं की प्रोग्रामर, थर्मोस्टॅटकडे जाणारी लाइन आणि व्हॉल्व्ह हे सगळे एकदम हलतात, त्यातलं जे अडकलेलं असेल ते सुटतं, आणि नक्की कोण अडकलं होतं ते काही कळत नाही. मग दिवसा माणूस बोलवा, तो येईपर्यंत सगळं ठणठणीत चालू असतं. आमच्याकडे आलेल्या माणसाने कपाटातल्या हीटिंगच्या व्हॉल्व्हचं मोटरवालं डोकं बदललं, एकशे ऐंशी पौंड घेतले. त्याला नावं ठेवत नाही मी, या सिस्टीममध्ये सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते व्हॉल्व्हचं डोकंच, त्यामुळे अंदाजच करायचा तर तोच करावा. नऊ दिवस छान गेले. दहाव्या रात्री परत घाम.

आता ही भानगड चालते कशी ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्याला वाटतं बॉयलर ठरवतो, पण बॉयलर नुसता सांगकाम्या आहे. हुकूम निघतो प्रोग्रामरमधून. त्याच्यात रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असतो, वेळ झाली की तो २३० व्होल्टची लाइन पुढे सोडतो. ती जाते पॅसेजमधल्या रूम थर्मोस्टॅटला. घर गार असेल तर थर्मोस्टॅट ती पुढे पाठवतो व्हॉल्व्हकडे. व्हॉल्व्हची मोटर फिरते, पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते, आणि पूर्ण उघडल्यावर त्याच्या आतला छोटा मायक्रोस्विच दाबला जातो, त्यातून नारिंगी वायरने बॉयलरला आणि पंपाला निरोप जातो की बाबा पेट. टाकीच्या पाण्यासाठी असाच दुसरा व्हॉल्व्ह, त्याला टाकीवर बांधलेला थर्मोस्टॅट. दोन वेगळे व्हॉल्व्ह असतील तर इथले लोक त्याला एस-प्लॅन म्हणतात, आणि एकच तीन तोंडांचा असेल तर वाय-प्लॅन. कपाट उघडून चांदीच्या रंगाच्या डब्या मोजा, कळेल.

म्हणजे हीटिंग आपोआप लागतंय याला कारणं तीन. प्रोग्रामरचा रिले चिकटलाय, नाहीतर थर्मोस्टॅट चिकटलाय (पण त्याला लाइन प्रोग्रामरमधूनच येत असेल तर तो एकटा दिवा बंद असताना हीटिंग लावू शकत नाही), नाहीतर व्हॉल्व्ह किंवा त्याचा मायक्रोस्विच. बॉयलर स्वतःच वेडा झालाय असं क्वचित असतं, तरी सगळे आधी त्यालाच धरतात कारण तो मोठा दिसतो आणि आवाज करतो.

पण त्याही आधी फालतू कारणं काढून टाका, मला लाज वाटली होती पण तुम्ही लाजू नका. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं, जुने प्रोग्रामर आपणहून बदलत नाहीत, मग हीटिंग तासभर आधी किंवा उशिरा लागतं आणि आपण बिघाड शोधत बसतो. घरातल्या कोणीतरी बूस्ट, म्हणजे थोडा वेळ जादा हीटिंग चालवायचं बटण, दाबलेलं असतं. ऑटोच्या ऐवजी चोवीस तासावर सरकवलेलं असतं. वायरलेस थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात, काही रिसीव्हर (थर्मोस्टॅटचा निरोप घेणारी डबी) सिग्नल तुटला तर घर गोठू नये म्हणून थोडा थोडा वेळ बॉयलर आपणच लावतात. आणि कडाक्याच्या थंडीत बॉयलरचं स्वतःचं फ्रॉस्ट प्रोटेक्शन असतं, आतलं पाणी फार गार झालं की तो थोडा पेटतो, तो बिघाड नाही. हे सगळं नाही ना, मग पुढे.

आमच्या स्मार्ट मीटरवर गॅसचा वापर अर्ध्या-अर्ध्या तासाने दिसतो, तो मी मागचे दोन महिने काढून बघितला. ज्या रात्री घाम आला होता त्या रात्रींना पहाटे एक ते चार गॅस जळालेला दिसत होता, पण आणखी चार-पाच रात्री अशा निघाल्या की आम्हाला जागच आली नव्हती आणि गॅस जळत होता! बिल का वाढलं त्याचं उत्तर तिथेच मिळालं. मीटर असेल तर हे पहिल्यांदा करा, फुकट आहे.

मग ठरवलं की आता बटणाला हात लावायचा नाही, चोर पकडायचा तर चोरी चालू असताना. तेव्हा आई-बाबा सांगलीहून आलेले होते. बाबा एमएसईबीतून रिटायर झालेत, वायरमन म्हणून लागले होते, त्यामुळे त्यांना या कामात फार रस. पण ते नेमके भावाकडे लेस्टरला गेलेले आणि आई माझ्याकडे, आणि त्याच आठवड्यात रात्री अडीचला झालं. मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. ते जागेच होते असं म्हणाले, मला नाही वाटत.

पहिलं बघितलं प्रोग्रामरवर. हीटिंगचा दिवा बंद, गरम पाण्याचा पण बंद. बॉयलर मात्र पेटलेला. हात लावला नाही.

दुसरं, वर टाकीच्या कपाटात गेले. तिथे आईने साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातलेल्या, कारण "इथं ऊन नाही पण हे कपाट बरंय गं", त्या बाजूला करून टॉर्च मारला. या व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक छोटी लोखंडी दांडी असते, हाताने उघडायची. मोटरला लाइन मिळत नसेल, व्हॉल्व्ह बंद असेल, तर ही दांडी ढकलताना चांगला जोर लागतो, आतले गिअर फिरवल्यासारखं कुरकुरतं आणि सोडली की हळूहळू परत येते. मोटरला लाइन मिळून व्हॉल्व्ह उघडलेला असेल तर दांडी सैल, नुसती लटकते. डबी न उघडता, काही न सोडवता होणारी ही परीक्षा आहे आणि मला ती आधी कोणी सांगितली असती तर एकशे ऐंशी पौंड वाचले असते. आमची दांडी सैल होती. म्हणजे व्हॉल्व्ह उघडा होता. उघडाच अडकला असता तरी दांडी सैलच असती, पण पुढच्या पायरीत कळलं की त्याला खरंच कोणीतरी लाइन देत होतं. तो बिचारा हुकूम पाळत होता.

तिसरं, खाली येऊन पॅसेजमधला रूम थर्मोस्टॅट २१ वरून पार ५ वर आणला. टक्. दहा-पंधरा सेकंदांत वर व्हॉल्व्ह परत फिरल्याचा आवाज, बॉयलरची ज्योत बंद. पंप अजून दोन-तीन मिनिटं चालू राहिला, तो ओव्हररन असतो, बॉयलरमधली उरलेली उष्णता बाहेर काढायला, त्याने घाबरू नका. परत २१ वर नेला, परत पेटला. म्हणजे व्हॉल्व्हही चांगला आणि थर्मोस्टॅटही, तो तोडतोय आणि जोडतोय. मग दिवा विझलेला असताना थर्मोस्टॅटपर्यंत लाइन येते कुठून? प्रोग्रामरमधून. दुसरीकडून यायला वाटच नाही.

बाबा म्हणाले, "आता त्याला बोटानं जरा ठोक. जोरात नको, दारावर टकटक करतो तेवढं." ठोकलं. टक्. वर व्हॉल्व्ह बंद. रिलेचे पॉइंट वर्षानुवर्षं ठिणग्या पडून खरबरीत होतात आणि मधूनच एकमेकांना चिकटून बसतात, दिवा विझतो कारण त्याला वाटतं आपण सोडलं, पण आतलं पान सुटलेलंच नसतं. दिव्याला फक्त हुकूम माहीत असतो, पान खरंच हललं की नाही ते माहीत नसतं.

मग एक प्रश्न मला पडला होता आणि तुम्हालाही पडेल, की प्रोग्रामर चिकटला तरी थर्मोस्टॅट २१ ला तोडेलच ना, मग घाम येईपर्यंत का तापलं. तर आमचा थर्मोस्टॅट पुढच्या दाराशेजारी आहे, दाराच्या फटीतून वारा, तिथे जानेवारीत रात्री १८ च्या वर जातच नाही. तो बिचारा अजून गार अजून गार म्हणत राहतो आणि वर बेडरूम २६. बेडरूमच्या रेडिएटरला टीआरव्ही, म्हणजे आकडे असलेले नॉब, होते पण सगळे पाचवर. ते आता तीनवर आणलेत. जिथे रूम थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरला मात्र टीआरव्ही नको, असेल तर पूर्ण उघडा ठेवा, नाहीतर दोघे एकमेकांशी भांडतात.

तुमच्याकडे निकाल वेगळा लागू शकतो. थर्मोस्टॅट ५ वर आणूनही थांबत नाही आणि दांडी सैल आहे, तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय, नाहीतर थर्मोस्टॅट किंवा त्याचा रिसीव्हर गेलाय. दांडीला जोर लागतोय, म्हणजे व्हॉल्व्ह बंद आहे, तरी बॉयलर पेटलाय, तर मायक्रोस्विच चिकटलाय, डोकं बदला, बऱ्याच व्हॉल्व्हचं डोकं पाणी न काढता निघतं. आणि उन्हाळ्यात फक्त टाकीचं पाणी तापवताना रेडिएटर कोमट होत असतील तर हीटिंगचा व्हॉल्व्ह नीट मिटत नाहीये, ती वेगळी केस. वाय-प्लॅनमध्ये तीन तोंडांचा व्हॉल्व्ह मधेच थांबतो वगैरे, तिथे ही दांडीची परीक्षा इतकी सरळ चालत नाही.

आता बदलायचं. आधी हे की भाड्याच्या घरात राहत असाल तर हात लावू नका, घरमालकाला लेखी कळवा, वर लिहिलेल्या तपासण्या करून त्याचा व्हिडिओ पाठवा, काम पटकन होतं. आणि बॉयलरचं झाकण कुणीच उघडायचं नाही, गॅसच्या कामाला गॅस सेफ रजिस्टरवरचाच माणूस लागतो, २००९ च्या एप्रिलपासून कॉर्गी या जुन्या नोंदणीच्या जागी हेच आहे, कार्ड बघायला मागायचं, त्यात लाजायचं काही नाही. प्रोग्रामर मात्र गॅसचं काम नाही, विजेचं आहे, आणि जुना काढून त्याच जागी तसाच नवीन लावणं घर स्वतःचं असेल तर आपल्याला करता येतं. पण २३० व्होल्ट आहेत. हात थरथरत असतील तर इलेक्ट्रिशियनला द्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

बाजारात गेल्यावर कळलं की इथल्या बहुतेक दोन-चॅनल (हीटिंग आणि गरम पाणी वेगवेगळं चालवणाऱ्या) प्रोग्रामरची मागची पाटी सारखीच असते. सहा पॉइंट, एन (न्यूट्रल), एल (लाइन), आणि मग १ ते ४. एक म्हणजे गरम पाणी बंद, दोन हीटिंग बंद, तीन गरम पाणी चालू, चार हीटिंग चालू. त्यामुळे नवीन वेगळ्या कंपनीचा असला तरी बऱ्याचदा वायरी न सोडवता जुना उचलायचा आणि नवीन बसवायचा. बऱ्याचदा म्हणतेय, नेहमी नाही. दुकानात जुन्या पाटीचा फोटो दाखवा. मला साधारण साठ पौंड पडले, साधाच घेतला, वायफायवाला नाही, कारण आणखी एक ॲप मला नकोय.

बॉयलरजवळ भिंतीवर एक स्विच असतो फ्यूजवाला, फ्यूज्ड स्पर म्हणतात, त्यात ३ अँपिअरचा फ्यूज, त्यावरच अख्खी हीटिंग सिस्टीम चालते. तो ऑफ केला, फ्यूज काढून खिशात ठेवला, म्हणजे नवऱ्याने सवयीने ऑन केला तरी काही नाही. आणि मग टेस्टर. बाबांचा आवडता तो स्क्रूड्रायव्हरवाला निऑनचा टेस्टर इथे वापरू नका, त्यावर विसंबून चालत नाही, दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्या. आधी चालू सॉकेटवर तपासा की टेस्टरच चालतोय ना, मग प्रोग्रामरच्या पाटीवर सगळ्या पॉइंटना एन आणि अर्थिंगच्या समोर लावून बघा, मग परत सॉकेटवर. बाबांनी कॅमेऱ्यातून तिसरी वेळ करायला लावली.

खालून दोन स्क्रू ढिले केले की प्रोग्रामर वरच्या बाजूला कलंडून निघतो. पाटी भिंतीवरच राहते. फोटो काढा, दोन-तीन बाजूंनी. आमच्या वायरी बघून बाबांना घाम फुटला कारण चारवर काळी वायर होती आणि ती लाइनची. इथे २००४ ते २००६ च्या दरम्यान रंग बदलले, आधी लाइन लाल आणि न्यूट्रल काळी, आता लाइन तपकिरी आणि न्यूट्रल निळी, आणि जुन्या घरात दोन कोअरच्या केबलमधली काळी वायर परतीची लाइन म्हणून वापरलेली सर्रास सापडते. पाटी बदलायची वेळ आलीच तर वायर रंगावरून लक्षात ठेवायची नाही, प्रत्येकीला टेप लावून ती कुठल्या पॉइंटवरून निघाली तो आकडा लिहायचा. एस-प्लॅनमध्ये एक आणि दोन सहसा रिकामे असतात, वाय-प्लॅनमध्ये एकवर वायर असते, तिला फालतू समजून सोडून देऊ नका.

नवीन बसवला, फ्यूज घातला, घड्याळ लावलं, हीटिंग लागलं, मी खूश. अर्ध्या तासाने लक्षात आलं की हीटिंगचं बटण दाबलं की गरम पाण्याचा दिवाही लागतोय, आणि पाणी बंद केलं की हीटिंगही बंद. दुपारभर मी वायरिंगचे फोटो बघत बसले, काही चूक सापडेना. बाबांनी पण हात टेकले. शेवटी माहितीपत्रक शेवटून वाचलं तेव्हा कळलं, प्रोग्रामरच्या पाठीमागे एक इवलासा सरकवायचा खटका असतो, ग्रॅव्हिटी आणि पंप असा. जुन्या काळी टाकीचं पाणी पंपाशिवाय आपोआप फिरायचं, त्या घरांत एकटं हीटिंग चालवता यायचं नाही, म्हणून तो खटका. आमचा ग्रॅव्हिटीवर होता. परत स्पर ऑफ, फ्यूज खिशात, टेस्टर, प्रोग्रामर काढला, नखाने खटका पंपकडे सरकवला, बसवला. संपलं. तर बसवायच्या आधीच तो बघा.

नंतर तपासणी नीट करा. फक्त पाणी चालू, रेडिएटर गार राहतात का. फक्त हीटिंग, पाण्याच्या व्हॉल्व्हची दांडी घट्ट आहे का. दोन्ही बंद, पाच-सात मिनिटांत पंपसुद्धा थांबतो का. टाकीवरचा थर्मोस्टॅट ६० च्या आसपास ठेवा, त्याच्या खाली नको, कोमट पाण्यात लेजिओनेला जंतू वाढतात.

कॉम्बीवाल्यांनी एवढंच. तुमच्याकडे सहसा व्हॉल्व्ह नसतात, थर्मोस्टॅट किंवा त्याचा रिसीव्हर सरळ बॉयलरला बोलतो, म्हणून तपास छोटा, पण धोका मोठा. काही बॉयलरना २३० व्होल्टचा निरोप लागतो आणि काहींचे थर्मोस्टॅटचे पॉइंट कमी व्होल्टेजचे असतात. रिसीव्हरमध्ये एल पासून कॉमन नावाच्या पॉइंटला एक छोटी वायर जोडायची असते ती फक्त २३० वाल्यांसाठी. कमी व्होल्टेजवाल्याला ती जोडलीत तर बॉयलरचा सर्किट बोर्ड त्याच क्षणी जळतो, आणि मग साठ पौंडांचं काम कितीला जाईल ते बघा. बॉयलरच्या पुस्तकात बघितल्याशिवाय नको.

आणि गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर हे सगळं बाजूला, खिडक्या उघडा, बाहेर पडा, ०८०० १११ ९९९ ला फोन.

आमचं आता दोन महिने झाले, मीटरवर रात्री एक ते चार सपाट रेघ आहे. आई म्हणते पापड्यांना पूर्वीसारखी ऊब लागत नाही. जुना प्रोग्रामर बाबांनी टाकून देऊ दिला नाही, सांगलीला नेलाय, रिले उघडून पॉइंट बघायचेत त्यांना.